लीडरशिप प्रोग्रॅमला ॲडमिशन नसते, साहेब

(पत्र थोडक्यात : मुलीचं कोल्हापूरला एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पहिलं वर्ष झालंय. उन्हाळ्यात पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत, म्हणजे एनसीएलमध्ये, प्रोजेक्ट केला, आता पीएचडी म्हणते. वडील बँकेत मॅनेजर. त्यांचं म्हणणं, लॅबमध्ये आयुष्य घालवण्यापेक्षा सीएसआयआरच्या, म्हणजे एनसीएलसारख्या सरकारी लॅब चालवणाऱ्या संस्थेच्या, एक्झिक्युटिव्ह लीडरशिप डेव्हलपमेंट प्रोग्रॅममधून थेट मॅनेजमेंटला जावं. त्याची ॲडमिशन कशी होते, सोबत कुठला एमबीए करावा? हा रूट क्लिअर असेल तरच पीएचडीला परवानगी.)

नमस्कार साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'परवानगी' या शब्दाशी अडखळलो. मुलगी बावीस वर्षांची आहे, पहिल्या वर्षाला डिस्टिंक्शन आहे, स्वतः मेल टाकून एनसीएलचा प्रोजेक्ट मिळवलाय, हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि तिला काय वाटतं याबद्दल एवढ्या लांबलचक पत्रात एकच ओळ, 'तिला यातलं फारसं कळत नाही'. अहो, मग कळतंय कुणाला? त्याच पत्रात थोरल्या चिरंजीवांचाही उल्लेख आहे, ते पुण्यात रूम घेऊन यूपीएससी करताहेत, दोन अटेम्प्ट झालेत, तिसऱ्याची तयारी चालू. त्यांना कुठला रूट क्लिअर करून मागितला होतात का? बोचेल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमचा गैरसमज. सीएसआयआरचं गाझियाबादला एचआरडीसी म्हणून ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे लीडरशिपची ट्रेनिंग होतात, बरोबर आहे. पण ती आधीच नोकरीत असलेल्या सायंटिस्ट लोकांसाठी, आणि वरच्या लीडरशिपचं ट्रेनिंग म्हणजे वर्षानुवर्षं काम करून ग्रुप लीडर किंवा डिव्हिजन हेड झालेल्यांसाठी. विद्यार्थ्याने फॉर्म भरून जायची ती जागाच नाही, तिथे नाव संस्थेकडून जातं. का लागतं हे ट्रेनिंग? कारण वीस वर्षं रिॲक्शन लावलेल्या माणसाच्या हातात एक दिवस अचानक बजेट येतं, जीएफआरचे, म्हणजे सरकारी खर्चाचे, नियम येतात, जेम या सरकारी पोर्टलवरची खरेदी येते, ऑडिटचे शेरे येतात, कंपनीबरोबर टेक्नॉलॉजी ट्रान्सफरची बोलणी येतात आणि एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सीनियर सायंटिस्ट एकाच प्रोजेक्टवर येतात. पीएचडीत यातलं काहीच शिकवलेलं नसतं, म्हणून सायंटिस्टला हे शिकवायचं. म्हणजे सायंटिस्ट आधी व्हायला लागतं हो! तुमचं चाललंय ते बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

आणि थेट डायरेक्टर असं तिथे काही नसतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सर १९७६ मध्ये एनसीएलला आले आणि डायरेक्टर झाले १९८९ मध्ये, पुढे १९९५ पासून २००६ पर्यंत अख्ख्या सीएसआयआरचे डीजी, म्हणजे डायरेक्टर जनरल. आत्ताच्या काळातलं उदाहरण हवं तर डॉ. कलैसेल्वी बघा, तमिळ माध्यमात शिकलेल्या, तमिळनाडूत कारैकुडीच्या सेक्री या सीएसआयआरच्याच लॅबमध्ये अगदी खालच्या पायरीवरच्या सायंटिस्ट म्हणून सुरुवात, वर्षानुवर्षं बॅटरीवर काम, २०१९ मध्ये त्याच लॅबच्या डायरेक्टर आणि २०२२ मध्ये सीएसआयआरच्या पहिल्या महिला डीजी. डायरेक्टरच्या पोस्टची जाहिरात निघते, शोधसमिती बसते, मुदतीची नेमणूक होते, आणि तिथे आधी बघतात ते तुमचं सायन्समधलं काम. पत्रात ज्याला तुम्ही 'लॅबमध्ये खितपत पडणं' म्हणता ना, वर जायचा जिना तिथूनच सुरू होतो.

नेहमीचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, सीएसआयआर नेटच्या परीक्षेतून जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप, नाहीतर गेटची परीक्षा, मग सीएसआयआरची स्वतःची ॲकॅडमी ॲक्सिर किंवा विद्यापीठातून पीएचडी. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मिळतात, वर एचआरए, म्हणजे 'आणखी पाच वर्षं पोसायची का' हा तुम्ही पत्रात लिहिलेला तुमच्या साडूंचा प्रश्नसुद्धा निकालात निघतो. (साडूंचा मुलगा मॅनेजर झाला यात आनंदच आहे, पण त्याचा केमिस्ट्रीशी संबंध काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.)

एमबीएचं म्हणाल तर आत्ता अजिबात नको. उद्या तिला स्वतःला वाटलं की लॅबपेक्षा सायन्सच्या आजूबाजूचं काम आवडतंय, तर पेटंट एजंटची परीक्षा आहे, टेक्नॉलॉजी ट्रान्सफरची ऑफिसं आहेत, एनसीएलच्याच कॅम्पसवर व्हेंचर सेंटर आहे जिथे सायन्सवाल्यांचे स्टार्टअप चालतात. पण हे तिला वाटलं तर, तुम्हाला वाटलं तर नाही.

तुम्ही तक्रार म्हणून एक गोष्ट लिहिलीय ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. प्रोजेक्टच्या वेळी ती रात्री नऊ-नऊपर्यंत कॉलम लावून बसायची, फोन उचलायची नाही, आणि एकदा उचलला तर 'बाबा, टीएलसीवर एकच स्पॉट आलाय' म्हणून ओरडली. तुम्हाला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. साहेब, दिवसभर मिश्रण वेगळं करत बसल्यावर यूव्ही दिव्याखाली प्लेटवर स्वच्छ एकच ठिपका, म्हणजे पदार्थ शुद्ध निघाल्याची खूण, दिसणं म्हणजे काय ते केमिस्ट्रीवाल्याला विचारा. आणि ती बातमी तिने पहिल्यांदा तुम्हालाच सांगितली, हे तुमच्या लक्षात आलं नाही का? पीएचडीत महिनोन्महिने काहीच हाताला न लागण्याचे दिवस येतात, तेव्हा असं वेड असलेली मुलंच टिकतात, आणि तेव्हा घरून रूटची चौकशी नको असते.

पीएचडी केली की सीएसआयआरची नोकरी नक्की असंही मी म्हणणार नाही, जागा कमी आणि उमेदवार खूप, बरीच मुलं फार्मा कंपन्यांत जातात, काही परदेशी पोस्टडॉकला. गाइड कसा निवडायचा, कुठला विषय पुढे चालेल, यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण ते मी तुमच्याशी बोलणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी तपासू नका.

आणि हो, नेटचा फॉर्म तुम्हीच भरता, लॉगिन तुमच्याकडे, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येतो म्हणालात. यावेळी फॉर्म तिचा तिला भरू द्या, नंबरही तिचाच टाका.