बाबांची पद्मिनी इलेक्ट्रिक करायची का? आधी सात लाखांचा हिशोब मांडूया

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी थोडक्यात इथे मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोल्हापूरच्या, ज्युनिअर कॉलेजात शिकवता, हातात महिन्याला 82 हजार येतात, घरखर्च साठ हजारांच्या आसपास, मुलगी दहावीला. बाबांनी 1978 साली नवी कोरी घेतलेली प्रीमियर पद्मिनी घरी आहे, बाबा 2024 च्या डिसेंबरात गेले. गाडीचं इंजिन धूर सोडतंय, ऑइल खातंय, मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल, 70 हजार लागतील. आणि एका कन्व्हर्जनवाल्याने 7 लाखांचं कोटेशन दिलंय, इंजिन काढून मोटर आणि 15 युनिटची बॅटरी बसवायची, एका चार्जिंगला शंभर किलोमीटर. तुमचा प्लॅन असा की 9 लाखांच्या एफडीतले 4 मोडायचे आणि 3 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्याने तीन वर्षांसाठी घ्यायचं, कारण पेट्रोलचे पैसे वाचून हळूहळू सगळं वसूल होईल.

वसूल होणार नाही. हे आधीच सांगतो कारण तुमचा सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर उभा आहे.

तुम्ही लिहिलंय महिन्याला साधारण साडेतीनशे किलोमीटर गाडी फिरते, म्हणजे वर्षाला 4,200. जुनी पद्मिनी लिटरला 12 देते असं धरू, पेट्रोल 105 धरू, म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ रुपये, वर्षाला 36-37 हजार. इलेक्ट्रिक केल्यावर शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून 15 युनिट लागतील, युनिट 12 रुपये पकडलं तर किलोमीटरला 1 रुपया 80 पैसे, वर्षाला साडेसात हजार. वाचले 29 हजार. ऑइल, प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटरची साफसफाई हे सगळं सुटेल त्याचे अजून नऊएक हजार धरा, झाले 38 हजार. आता हेच 7 लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत नुसते पडून राहिले तरी वर्षाला 45,500 रुपये व्याज येतं, त्यावर टॅक्स कापला तरी तुमच्या वाचलेल्या पेट्रोलच्या जवळपास तेवढंच. म्हणजे मुद्दल वसूल व्हायला सुरुवातच होत नाही. त्यात तुमच्याकडे 7 लाख मोकळे नाहीत, 3 लाख कर्जाचे आहेत, त्याचा हप्ता साधारण 10,100 बसेल आणि तीन वर्षांत 64 हजार नुसतं व्याज जाईल. साडेसहाची एफडी घरात ठेवून तेराचं कर्ज घ्यायचं आणि तेही अशा गोष्टीसाठी जी एक रुपयाही कमावणार नाही, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला करू दिलं नसतं.

आणि ती एफडी तशी मोकळी आहे का? सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजेच, 3 लाख 60 हजार. दोन वर्षांनी मुलीची बारावी, मग ॲडमिशन, तुम्हीच लिहिलंय की त्यासाठी 5 लाख धरलेत. झाले 8 लाख 60 हजार. म्हणजे 9 लाखांतला जवळजवळ प्रत्येक रुपया आधीच कुणाचातरी आहे, फक्त त्याच्यावर नाव लिहिलेलं नाही म्हणून तो मोकळा वाटतोय.

आता गाडीच्या बाजूने बोलतो, कारण तुमच्या पत्रात ह्याचा उल्लेख नाही आणि मला वाटतं तुम्हाला कुणी सांगितलेलंच नसणार. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर व्हीए अशी अक्षरं येतात, फी 20 हजार, दहा वर्षं चालतं, नंतर नूतनीकरण 5 हजारात. तुमची गाडी 1978 ची. 2028 ला तिला पन्नास पूर्ण होतात! योगायोग बघा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायची असते, तुमचं शेवटचं रिन्यूअल 2023 ला झालंय, म्हणजे पुढचं पण 2028 लाच. साधं रिन्यूअल केलं तर वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10 हजार फी आहे. म्हणजे 2028 साली तुमच्यासमोर दोन दारं उघडी असतील, आणि आज इंजिन उपसून काढलं तर त्यातलं एक कायमचं बंद होईल.

विंटेजलाही एक अट आहे, ती लपवत नाही. तशी नोंद केलेली गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे ते घ्याच असं मी म्हणत नाहीये, पण तेव्हा निवडायची मुभा तुमच्याकडे असू दे. कुर्ल्याच्या कारखान्यात 2001 च्या सुमाराला पद्मिनी बनायची थांबली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतली शेवटची 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. एकाच घरात, एकाच मालकाकडे राहिलेली चालू गाडी दिवसेंदिवस कमीच होत जाणार. किंमत वाढेल अशी खात्री मी देत नाही, पण जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ इंजिन बघतात हे नक्की. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, तिचं पण म्हणणं हेच की इलेक्ट्रिक केलेली गाडी ऐतिहासिक गाडीत धरता येत नाही, आणि करायचंच असेल तर बदल असा करा की पुन्हा मूळ रूपात आणता येईल. विकायची वेळ आलीच तर घरच्या वापराच्या गाडीवर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, ती वैयक्तिक वस्तू धरली जाते, हेही माहीत असू द्या.

पत्रातली एक ओळ मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुम्ही लिहिलंय, बाबा संध्याकाळी कोपऱ्यावर वळले की इंजिनच्या आवाजावरूनच आई चहाचं आधण ठेवायची. ताई, त्या 7 लाखांत जाणारी पहिली गोष्ट तो आवाज आहे. मी अशाच एका इलेक्ट्रिक केलेल्या जुन्या गाडीत बसलोय, काम सुंदर केलं होतं, स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा तसाच, सीटचं रेक्झिन तसंच, मालकाने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, नुसता डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा लागला. मागच्या सीटवर त्यांची आई बसली होती, तिने विचारलं, "सुरू झाली का रे?" काहींना ती शांतता आवडते, तुम्हालाही आवडेल कदाचित. पण सही करण्याआधी एकदा आईला विचारा.

तुमची ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची काळजी खरी आहे. इथेनॉलने जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे गॅस्केट खराब होतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी धरून गंज येतो. पण त्याला उपाय काही हजारांचा आहे, इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा बदलून घ्यायचे आणि आठवड्यातून एकदा गाडी फिरवायची. आणि तुम्ही तर कोल्हापुरात आहात! उद्यमनगरात बोअरिंग करणारे, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कोरून नीट करणारे, पार्ट बनवून देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत, पुण्या-मुंबईच्या जुन्या गाडीवाल्यांना हेवा वाटेल अशी सोय आहे ती. कोल्हापूरचीच अजून एक गोष्ट, 2019 आणि 2021 च्या पुरात तुमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं असं तुम्ही सहज लिहून गेलात. पेट्रोल गाडी पाण्यातून काढून, खोलून, वाळवून परत चालू करता येते. कोटेशनमध्ये बॅटरी अडीच लाखांची धरलीय, ती पाण्यात गेली तर तो भुर्दंड कोण सोसणार हे त्यात कुठेही नाही, आणि वॉरंटी फक्त तीन वर्षांची. टाटाची नवी टियागो ईव्ही 2025 मध्ये आठ लाखांच्या आसपास सुरू व्हायची आणि बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते. त्या गाडीत बाबा नाहीत हे मला कळतं, मी फक्त साधारण तेवढ्याच पैशांच्या आसपास बाजारात काय मिळतं ते सांगतोय.

एक काम मात्र कन्व्हर्जन करा किंवा करू नका, आजच्या आज हातात घ्या. आरसी अजून बाबांच्या नावावर आहे ना? मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचं असतं, ती मुदत कधीच उलटून गेली. उद्या काही अपघात झाला तर इन्शुरन्स क्लेमला इथेच अडेल. पुण्याच्या भावाची आणि आईची संमती लागेल, आणि तशीही ती घ्यायलाच पाहिजे, गाडी तिघांची आहे, बाबांची होती म्हणून. भावाला न विचारता इंजिन निघालं तर ते घरात वर्षानुवर्षं बोललं जाईल.

समजा हे सगळं वाचून, आईशी-भावाशी बोलूनही तुमचं मन इलेक्ट्रिककडेच असेल तर मी वाईट मानणार नाही, पण मग ते पैसे खर्च म्हणून करा, वसुलीच्या आशेने नाही, आणि कर्ज न काढता. त्या माणसाकडून किटचं टाइप ॲप्रूव्हल सर्टिफिकेट मागा, पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं, आणि ते तुमच्या मॉडेलला लागू आहे हे त्यात लिहिलेलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. माझ्याकडच्या एका क्लायंटने जुन्या जीपसाठी अडीच लाख ॲडव्हान्स दिले, इंजिन भंगारात गेलं, मग कळलं किटला मंजुरीच नाही, आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली मोटर, पासिंग होईना, दोन वर्षं जीप शेडमध्ये उभी होती. त्यांचा फोन आला की मला आजही वाईट वाटतं कारण माझ्याकडे ते पैसे देऊन झाल्यावर आले. तुम्ही आधी विचारलंत. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, बॅटरीचं वजन वाढल्यावर ब्रेक आणि पाटे यांचं काय करणार ते लेखी घ्या, बॉडी कुठेही कापू देऊ नका, आणि काढलेलं इंजिन-गिअरबॉक्स ग्रीस लावून, झाकून स्वतःच्या घरी ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर असा. महिन्याला 10,100 चा हप्ता भरायची तुमची तयारी होती, म्हणजे तेवढे पैसे सुटतात. तेच दर महिन्याला बाजूला टाका, सात महिन्यांत 70 हजार होतात, इंजिनचं काम कर्ज न काढता, एफडीला हात न लावता होतं. आठव्या महिन्यापासून त्यातूनच टर्म इन्शुरन्स घ्या, तुमच्या पत्रात तो कुठेच नाही आणि दहावीतली मुलगी घरात असताना मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. कॉलेजला रोज जायला इलेक्ट्रिकच हवं असेल तर जाऊन-येऊन 16 किलोमीटरला स्कूटर पुरते, आणि पद्मिनी रविवारी आईला घेऊन रंकाळ्यावर जायला राहील.

मेकॅनिककडे गाडी सोडाल तेव्हा इंजिन नंबरचा आणि चासी नंबरचा फोटो काढून ठेवा, इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला मूळ सांगाडा, बदलायचा नाही, हाच ब्लॉक बोअर करायचा असं स्पष्ट सांगा, आणि सिलेंडरचं आधीचं आणि नंतरचं माप बिलावर लिहून घ्या. ते बिल आरसीच्या फाइलीत, 2028 ला लागेल.