ऑनलाइन शाळेचे लहान मुलांना तोटे काय?
सगळ्यात मोठा तोटा म्हणजे लिहायची सवयच जाते. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा पोरगा पहिलीत जाणार होता, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, नेट वगैरे सगळं होतं तरी शाळा परत सुरू झाल्यावर तीन ओळी लिहिल्या की बोटं दुखतात म्हणायचा, जोडाक्षरं तर गायबच. मॅडमला पेन्सिल कशी धरलीय ते दिसतच नाही ना, वहीचा फोटो पाठवला की झालं, आणि तो अभ्यास खरा कोणी केला ते आम्हा आईबापांनाच माहीत 😄 आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर तर रेंजचीच बोंब, घरात एकच मोबाईल आणि तो पण बाबांसोबत कामावर. डोळे, चिडचिड हे आहेच. मोठ्यांचं एकवेळ चालून जातं, पण चौथीपर्यंत नकोच.