ज्यूसर घेताय? आधी फळाचं सांगा

भाऊ, कोणता ज्यूसर घेऊ असं विचारण्याआधी घरात रस कशाचा निघणार ते सांगा. आपल्या जालन्याकडं बहुतेक उत्तर एकच, मोसंबी. मग महागडं, स्क्रूनं सावकाश पिळणारं कोल्ड प्रेस मशीन कशाला? अर्धी मोसंबी ठेवून दांडा दाबायचा हातानं चालणारा ज्यूसर पुरतो, लाइट गेली तरी अडत नाही.

मोसंबी सोलून मोटारीच्या ज्यूसरमध्ये टाकणार असाल, तर सालीखालचा पांढरा भाग आणि बिया काढा. त्या भरडल्या गेल्या की रस काढताना गोड लागतो, पण ठेवला की कडू होत जातो. माझा पहिला तांब्याभर रस असाच मोरीत गेला, तोही पाहुण्यांदेखत! आणि मी आठवडाभर मशीनला शिव्या देत होतो.

गाजर, बीट, पालक रोज होणार असेल तर गोष्ट वेगळी. वेगानं फिरणारा सेंट्रिफ्युगल स्वस्त आणि झटपट, पण फेस फार, पालकाचा चोथा ओलाच राहतो. कोल्ड प्रेसचा स्क्रू मिनिटाला साधारण 40 ते 100 फेरे घेत सावकाश पिळतो, चोथा बराच कोरडा निघतो.

दुकानात नुसते वॅट विचारू नका, जाळी काढून बघा. धुवायला किचकट असेल तर मशीन माळ्यावर गेलंच म्हणून समजा. बदली जाळी गावात मिळते का, तेही विचारा.

आणि केसर आंब्यासाठी ज्यूसर घेत असाल तर राहू द्या, रस हातानंच पिळा.