पावणेपाचची गाडी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज वाचला. 'आपल्या समाजासाठी तुमचं व्हिजन काय?' या प्रश्नाखाली तू लिहिलंयस, 'तळागाळातील घटकांचा सर्वांगीण विकास.' शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी. पण हे वाक्य मी गेली पस्तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीच्या पत्रकात वाचतेय आणि त्यानं कुणाची झोप उडालेली काही पाहिली नाही. रागावू नकोस. तुझ्या वयाची असताना असली वाक्यं घेऊन मीही फिरत होते.

नोकरीला लागले तेव्हा माझ्या डोक्यात वाचनालय होतं. पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकातून दीडशे पुस्तकं आणली, कव्हरं घातली, नंबर टाकले. शाळा सुटल्यावर रोज तासभर दार उघडून बसायची. दोन-चार मुलगे यायचे, मुलगी एकही नाही. 'इथल्या मुलींना वाचायची गोडीच नाही,' असं मी हेडमास्तरांना ठणकावून सांगितलं होतं. आठवलं की अजून लाज वाटते. महिन्याभरानं माझ्याच खोलीतलं पाणी संपलं म्हणून हंडा घेऊन टाकीवर गेले, तर सातवीच्या सगळ्या मुली तिथं! हंड्यांची रांग, हंडा नसेल तिथं नंबराला दगड नाहीतर चप्पल, आणि नळाला करंगळीएवढी धार. एकेकीचा नंबर लागायला तास-दीड तास. दुसऱ्या दिवशी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरली आणि पेटी टाकीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. काही भिजली, दोन हरवली, बाकीची पानं सुटेपर्यंत वाचली गेली. त्या दिवशी पाणी संपलं नसतं तर मी नुसतं कपाटच पुसत बसले असते.

म्हणून सांगते, विचार करत बसून हे सुचत नाही. रांगेत उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट, वाक्य कुणाला तरी टोचलं पाहिजे. आपल्या पुरंदरातलंच नायगाव घे. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळानं ते इकडं ओढले गेले आणि १९७४ पासून नायगावात देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन कामाला लागले. माळ हिरवा केला, हे तर झालंच. पण त्यांच्या पाणी पंचायतीचा, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या योजनेचा, खरा गाभा वाटणीत आहे. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही वाटा. ऊस बंद. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः काढायचा. वीस एकरवाल्याला हे ऐकून काय वाटलं असेल? 'सर्वांना पाणी मिळावं' म्हटलं असतं तर त्यानंही टाळ्या वाजवल्या असत्या. हे राज्यभर पसरलं नाही, त्याचं कारणही मला वाटतं तिथंच आहे.

किंवा शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२ चा ग्रामसभेचा ठराव. त्यात 'महिला सक्षमीकरण' म्हणून थांबले नाहीत. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्या दिवशी कुणी काय करू नये, एवढं स्वच्छ. पंधरा दिवसांच्या आत सरकारनं बाकीच्या गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं.

आता तुझं. मागच्या आठवड्यात फोनवर तू सहज बोलून गेलीस की कॉलेजचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि वस्तीकडं जाणारी गाडी पावणेपाचलाच निघते, म्हणून वस्तीवरच्या तिघींनी अकरावीला सायन्स घेतलंच नाही. तू पुढं भाचीच्या बारशाबद्दल बोलायला लागलीस, माझं मात्र लक्ष तिथंच अडकलं. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजनाच आहे. पास आहे, हुशारी आहे, आणि सगळं पंधरा मिनिटांवर अडलंय. हे तुझ्या अर्जात कुठं आहे?

लगेच डेपोत निवेदन घेऊन धावू नकोस, फोटो तर मुळीच काढू नकोस. आधी त्या तिघींच्या आयांशी बोल. कदाचित त्या म्हणतील, गाडी मिळाली तरी फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या अंधाराचं काय? मग तुझा प्रश्न बदलेल, बदलू दे. कॉलेजातही विचार, प्रॅक्टिकल सकाळी घेता येईल का. एक साधी वही कर; तारीख, गाडी किती वाजता सुटली, किती मुली चढल्या, कोण राहिल्या. दोन आठवडे पुरेत.

अर्जाची मुदत तीस तारखेची आहे ना? मग तोपर्यंत रोज त्याच गाडीनं ये-जा कर. एखाद्या दिवशी मुद्दाम चुकव आणि बघ घरी कशी पोचतेस ते. माझं घर स्टँडमागेच आहे. गाडी चुकेल त्या दिवशी जेवायलाच ये, येताना वही आण.

तुझी,
बाई