मुलीच्या पोटरीवर जन्मापासून निळसर गाठ आहे, कापायला सांगितलंय. दुसरा काही इलाज आहे का?

मी डॉक्टर नाही. पण माझ्या डाव्या पायात हेच दुखणं जन्मापासून आहे आणि मीही सोलापूरचीच, म्हणून लिहिते. तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरा वर्षांची, गाठ दाबली की बसते, पाय खाली सोडला की फुगते, संध्याकाळी ठणकते. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्या: गाठीतलं रक्त संथ आहे की जोराचं.

जोराचं म्हणजे धमनी थेट शिरेला जोडली गेलेली. त्याला एव्हीएम म्हणतात. गाठ गरम लागते, बोटाखाली थरथर जाणवते. यात नुसती रक्त पुरवणारी धमनी बांधून टाकणं फार वाईट, कारण आजूबाजूच्या धमन्या तिथे रक्त पोचवायला लागतात आणि पुढे आतून नळी घालून गाठ बंद करायची (एम्बोलायझेशन) तर वाटच उरत नाही. तुमच्या वर्णनावरून मुलीचं हे वाटत नाही. संथ रक्ताचं, व्हीनस मालफॉर्मेशन (शिरांची जन्मापासूनची सदोष वाढ) वाटतं. तरी अंदाजावर राहू नका. आधी कलर डॉप्लर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी), मग कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. दोन्ही सोलापुरातच होतं. गाठ कातडीखालीच आहे की स्नायूत शिरलीय, हे एमआरआयशिवाय कळत नाही आणि कापायचं की नाही हे त्यावरच ठरतं. लहान, एका जागची असेल तर कापणं चांगलंच. स्नायूत पसरलेली असेल तर रक्त फार जातं, थोडी आत राहते आणि परत फुगते.

शेजारच्या कुणीतरी सांगेलच, ‘आमच्या नातवाची लाल गाठ औषधानं गेली की ओ!’ ती हिमँजिओमा. बाळ काही आठवड्यांचं असताना उगवते, पुढे आपोआप ओसरते आणि २००८ पासून तिच्यावर प्रोप्रानोलोल देतात. आपल्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

आपल्यासाठी मुख्य इलाज स्क्लेरोथेरपी. हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्क्रीनवर बघत सुईनं उपचार करणारे डॉक्टर, करतात. मी त्यासाठी पुण्याला जाते, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून. सोनोग्राफीवर बघत गाठीत सुई घालतात, थोडा डाय सोडून तो कुठे पसरतो ते स्क्रीनवर पाहतात. मग दोन सिरिंज जोडून औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलत राहतात. पाण्यासारखं पॉलिडोकॅनॉल बघता बघता पांढरा फेस होतं. तो फेस आत गेला की शिरांचं अस्तर चिकटतं आणि पोकळी आक्रसते. लहान मुलांना भूल देतात. नंतर आठवडाभर गाठ आधीपेक्षा मोठी आणि कडक होते, दुखतेही, घाबरू नका. मात्र कातडी काळी पडली, फोड आला किंवा पायाला मुंग्या आल्या तर लगेच फोन करा. एका बैठकीत भागत नाही, आणि गाठ समूळ जाईल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा सावधच राहा. दुखणं कमी होतं, पाय वापरता येतो. मला तेवढं पुरतं.

रोजचा इलाज म्हणजे मापाचा कॉम्प्रेशन स्टॉकिंग, पाय आवळून धरणारा मोजा. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आधी चढवायचा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात तो घालणं म्हणजे शिक्षाच, मी घरी असले की दुपारी काढून पाय उशीवर ठेवते. दोन जोड घ्या, घामानं एक रोज धुवावा लागतो. मुलीला गाठीत ज्वारीच्या दाण्यासारखं टणक काही लागलं तर ती आत साकळून खडा झालेली जुनी गुठळी असते, कॅन्सर नाही. गाठ अचानक कडक होऊन दुखायला लागली तर आत नवी गुठळी झाली असू शकते, तेव्हा डॉक्टर डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून रक्त पातळ करायचं औषध देतात. पसरलेल्या, सुयांना दाद न देणाऱ्या गाठींना सिरोलिमस गोळ्याही देतात, पण त्यात रक्ततपासण्या सतत लागतात.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हा उपचार त्या हॉस्पिटलात योजनेत बसतो का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलात बसणारा माणूस) विचारा. एमआरआयची सीडी जवळ ठेवा, नुसता रिपोर्ट चालत नाही.

आणि मुलीला पाळी सुरू होईल तेव्हा गाठ वाढू शकते. घरात पूजा आहे, गड्ड्याच्या जत्रेला जायचंय म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या देतात ना, त्या तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.