तिरपी अक्षरं नसतील तर पुस्तकाचं नाव कसं लिहावं?

फोंड्याच्या एका वाचनालयाचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: कार्यक्रमाचा वृत्तान्त फोनवर टाइप करून पाठवताना पुस्तकांची, नाटकांची नावं इटॅलिकमध्ये करता येत नाहीत. मग ती वेगळी कशी दाखवायची? नमुन्यादाखल त्यांनी आपलं वाक्यही दिलं आहे: “बोरकरांच्या दूधसागरमधील कवितांचे वाचन झाले व त्याची बातमी गोमन्तकात आली.”

ताई, नाव एकेरी अवतरणचिन्हांत घाला. ‘दूधसागर’, ‘गोमन्तक’. इटॅलिकची सोय असली तरी मराठीत मी हेच करीन.

तिरपा ठसा मुळात रोमन लिपीतला. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये त्यात आख्खं पुस्तक छापलं. ग्रंथनामं तिरपी छापायचा रिवाज नंतरचा. देवनागरीत तशी वेगळी घडवलेली अक्षरं क्वचितच मिळतात. विंडोजच्या ‘मंगल’ टंकात इटॅलिक नाहीच. संगणक सरळ अक्षरंच कलती करतो आणि वरचे रफार, वेलांट्या, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर झुकतात. शिवाय इंग्रजीत इटॅलिक गेलं तरी मोठं आद्याक्षर नाव ओळखू देतं. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे चिन्ह गेलं की काहीच उरत नाही. “दूधसागर पाहिला का?” यात धबधबा की संग्रह? “गोमन्तकात आले” यात दैनिक की भूमी? गोव्यात हा घोटाळा रोजचा आहे.

पण अवतरणचिन्हाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग वेगळाच आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागला की पुष्कळदा नामाचं किंवा त्याच्या आधीच्या शब्दाचं रूप पालटतं. घोडा, घोड्याने, श्यामची आई, श्यामच्या आईने. आता “श्यामच्या आईने अनेकांना रडवले” हे वाक्य घ्या. पुस्तकाबद्दल आहे हे कळणार कसं? ‘श्यामची आई’ने असं लिहिलं की नाव चिन्हांच्या आत जसंच्या तसं राहतं आणि प्रत्यय बाहेर लागतो. तसंच ‘कोसला’त, कोसल्यात नव्हे. लेखकाने ठेवलेलं नाव आपण व्याकरणासाठी मोडू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रत्यय मात्र चिन्हाला चिकटूनच हवा. ‘कोसला’ मध्ये अशी मोकळी जागा सर्रास दिसते. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय आहे, ते जोडूनच लिहायचं: ‘कोसला’मध्ये.

तरीही ‘श्यामची आई’ म्हणजे साने गुरुजींचं पुस्तक की अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, हे चिन्ह सांगू शकत नाही. तिथे मराठीची जुनी सोय कामी येते: “‘श्यामची आई’ या चित्रपटाने”. प्रत्यय ‘चित्रपट’ या शब्दावर जातो, नावाला धक्का लागत नाही. तुमच्या वाक्यातही “‘दूधसागर’ या काव्यसंग्रहातील कवितांचे” असं केलंत तर बाहेरगावच्या वाचकालाही अडचण नाही. नाव एका शब्दाचं असेल तर हे हमखास करा, कारण बातम्यांच्या मथळ्यांत एकेरी चिन्हं टोमण्यासाठीही वापरतात. नुसतं ‘विकास’ लिहिलं तर वाचक भलताच अर्थ घेईल.

सगळ्याच नावांना चिन्हं लागत नाहीत. ज्ञानेश्वरी, दासबोध, गीता, बायबल ही नावं तोंडात इतकी रुळली आहेत की ज्ञानेश्वरीत, दासबोधात हेच कानाला बरं वाटतं. आपल्या गोव्यातल्या राशोलला १६१६ मध्ये छापलेलं जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराणही मी याच पंक्तीत बसवतो. तो मराठी ग्रंथ छापला होता रोमन अक्षरांत, पण आज देवनागरीत आपण सरळ ख्रिस्तपुराणात म्हणतो, आणि ते रास्त आहे. ‘दै.’ लावून वर्तमानपत्राचं नाव लिहिलं तर तिथेही चिन्हांची गरज नाही.

जत्रेतल्या नाटकांच्या बाबतीत ‘संगीत’ हा शब्द आत घ्यावा की बाहेर ठेवावा, हा प्रश्न येतोच. देवलांच्या नाटकाचं नाव ‘संगीत शारदा’ असंही लिहितात आणि संगीत ‘शारदा’ असंही. मी बाहेर ठेवतो, कारण बोलताना आपण “यंदा शारदा बसवलंय” असंच म्हणतो. तुम्ही आत घेतलंत तरी चालेल. फक्त एका वृत्तान्तात दोन तऱ्हा नकोत.

व्हॉट्सॲपवर नावाच्या दोन्ही बाजूंना तारका घालून ते ठळक करणारे पुष्कळ आहेत. फोनवर ते छान दिसतं, पण तोच मजकूर उचलून छापायला दिला की तारका तशाच येतात. अवतरणचिन्ह कुठेही गेलं तरी टिकतं.

दुहेरी चिन्हं बोलण्यासाठी राखून ठेवा. बोलण्यात नाव आलं तर दुहेरीच्या आत एकेरी: अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या वर्षी ‘नटसम्राट’ करू.” आणि वाक्य नावावरच संपलं तर पूर्णविराम चिन्हाच्या बाहेर द्या, तो वाक्याचा असतो, नावाचा नाही.