परदेशात फिरताना तिथल्या पोस्टातून घरी पार्सल पाठवता येतं का? आणि पक्का पत्ता नसताना आपल्या नावाचं टपाल मागवता येतं का?

दोन्ही जमतं.

पार्सलची खरी मेख कस्टम्सच्या फॉर्ममध्ये असते. छोट्या पाकिटाला सीएन २२, मोठ्याला सीएन २३. बरेच देश आता हा फॉर्म आधी ऑनलाइन भरून घेतात. त्यात नुसतं 'भेटवस्तू' किंवा 'कपडे' लिहू नका. 'सुती शर्ट, २ नग', वजन आणि खरी किंमत असं लिहा. मोघम लिहिलेली पार्सलंच जास्त अडकतात. परफ्यूम आणि सुटी लिथियम बॅटरी टाकू नका, विमानाच्या टपालात त्यांना मनाई असते. घाई नसेल तर जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे जाणारी सेवा आहे का विचारा. वेळ खूप लागतो, पण जड पुस्तकांसाठी मला तीच परवडणारी वाटते. पावती मात्र जपा! तिच्यावरच्या १३ अक्षर-अंकी क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची असतात, त्यावरून माग काढता येतो.

टपाल मागवायचं तर 'पोस्ट रेस्तांत' (Poste Restante) सेवा विचारा, म्हणजे तुम्ही येईपर्यंत टपाल पोस्टातच ठेवून घेतात (अमेरिकेत 'जनरल डिलिव्हरी'). पाठवणाऱ्याने तुमचं पासपोर्टवरचं नाव, सेवेचं हे नाव, त्या पोस्ट ऑफिसचा पत्ता आणि पिनकोड लिहायचा. तुम्ही पासपोर्ट दाखवून घ्यायचं. सगळीच ऑफिसं ही सोय देत नाहीत आणि ठेवण्याची मुदतही देशागणिक बदलते, म्हणून आधी चौकशी करा. मुदत संपली की टपाल परत जातं.

पोस्टकार्डाला तिकीट ज्या देशातून टाकताय तिथलंच लागतं.